शेवग्यावरच्या

मंगळवारच्या बाजारातून चार तलंगा आणल्या,
पायांना सुतळी, डोकी खाली.
बसमध्ये कंडक्टर म्हणाला,
यांचं हाफ लावू का फुल?

ह्यांनी लूमच्या भंगारातला एक रूळ आणून
खुराड्यात आडवा ठोकला,
टॉवेल गुंडाळून गुंडाळून गुळगुळीत झालेला.
पाय घसरतील की, मी म्हटलं.
मग त्यावर जुन्या चादरीची पट्टी आली,
मोराची नक्षी, मोराचं डोकं नेमकं कापलेलं.

दिवस बुडाला की कोंबडी आपोआप आत जाते
असं मला वाटायचं.
माहेरी अक्कलकोटकडं जायच्याच.
ह्या गेल्या शेवग्यावर.
एक फांदी, मग तिच्या वरची,
शेंगांशेजारी शेंगांइतक्याच गप.

भिंतीपलीकडून नरसव्वा:
"काय करलालीस गं शिडीवर, ह्या वयात?"
मग पान कातरता कातरता तिनंच सांगितलं,
"मशिनीत उबवलेली पिल्लं ही.
आईच्या मागं मागं कधी घरात शिरलीच नाहीत.
ह्यांना संध्याकाळ माहिताय, घर नाही.
आठ दिवस कोंड, मग सोड.
तरी वर गेल्या तर रोज उतरवून ठेव.
कंटाळलीस की संपलं."

कोंडल्या.
एप्रिलचा पत्रा, दुपारी नुसता तवा.
तासातासाला वर ओलं गोणपाट टाकायचं,
त्यापायी हजारातून शंभर विड्या कमी भरायच्या.
नवव्या दिवशी दार उघडलं.
नवव्या संध्याकाळी चौघी शेवग्यावर.

अंधार पुरता पडू द्यायचा.
अंधारात कोंबडी भांडत नाही.
पोटाखाली हात सरकवला की
एक बारीक आवाज काढते,
झोपेत कूस बदलताना माणूस काढतो तसला.
गळ्याची पिशवी जोंधळ्यानं टच्च.
पंजा मात्र फांदी सोडत नाही,
एकेक नखी उकलावी लागते.
विडीला दोरा घालणारी बोटं माझी,
त्यांना ते जमतं.

रुळाला छाती टेकवायची,
पाय आपसूक वर चढतो.
एक. दोन. तीन.
कवडी शेवटी,
कारण ती सगळ्यात वरच्या फांदीला.

आत झिरोचा तांबडा बल्ब लावला.
श्रीहरी म्हणाला, आई, बार उघडलीस की काय.

सतराव्या दिवशी उघड्या मानेची
आपणहून आत गेली.
मी अर्धी वळलेली विडी तशीच धरून बसले.
तिच्या मागं, जरा थांबून, दोघी.
कवडी नाही.
कवडीसाठी शिडी भिंतीला लावलेलीच ठेवली.

मग एक दिवस ब्रँचला उशीर झाला.
चेकरनं दोन मुठी छाट काढली,
मी भांडले, भांडून काही झालं नाही, बस तेवढी चुकली.
हे सेकंड शिफ्टला, पोरगं क्लासला,
कुंभारीच्या रस्त्यावर पुरता अंधार,
आणि डोक्यात सारखा नरसव्वाचा कोंबडा,
गेल्या महिन्यात मुंगसानं नेलेला,
न्हाणीपासून गटारीपर्यंत पिसंच पिसं.
शेवटी चपला हातात घेतल्या.

खुराड्याचं दार सताड.
आत तिघी, डोकं नसलेल्या मोरावर ओळीनं.
दिवा कुणी लावला नव्हता.
शेवग्यावर बॅटरी मारली,
वरची फांदी मोकळी.
मधली मोकळी.

मग कानाजवळच तो बारीक आवाज.

खुराड्याच्या पत्र्यावर,
दाराच्या बरोब्बर वर, कवडी.
घर कुठलं ते कळलं होतं तिला.
आत की वर, एवढंच राहिलं होतं.

इतकी आलीस, मी म्हटलं, आता वीतभर.
पोटाखाली हात घातला.
तिनं पंजे आवळून बघितले,
पण पत्र्याला धरण्यासारखं
काही नसतं.